तपासलं, चालतं

नांदूरघाट, ता. केज
बुधवार, ८ मे २०१९

तीर्थरूप रेवणप्पा मामांच्या पायाशी गंगासागरचे शरणार्थ.

मामा, पाकीट बघून घाबरू नका. कोणाचं काही झालेलं नाही. (झालंय, पण ते दुखण्याखुपण्यातलं नाही. पुढे येईल.) खरं तर फोनच करणार होते, पण तुमचा फोन मामी उचलतात, उचलला की स्पीकर लावतात, आणि मग शेजारच्या दोन घरांनाही आमच्याकडे टँकर कधी येतो ते सांगत बसावं लागतं. शिवाय फोनवर तुम्ही मधेच ‘बरं, पुढं?’ म्हणता. तुम्ही पुढं म्हणालात की मला मागचं आठवत नाही. पत्रात तुम्हाला मधे बोलता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

तुमचे गुडघे कसे आहेत? तेल लावता का नुसतं मामींना ‘लावलं’ म्हणून सांगता? (हा प्रश्न मी विचारावा असं माझं तोंड राहिलेलं नाही. का, ते कळेल.) मामींना म्हणावं लोणचं पोचलं, बरणी परत करते. इकडे टँकर पाचव्या दिवशी येतो. काल बसवजयंती झाली. मिरवणूक निघाली, पण बैल सगळे छावणीत चाऱ्यावर, त्यामुळे बैलाविनाच. मारुतीच्या पारापाशी आलो आणि कोणीतरी ओरडलं, टँकर आला. दोन मिनिटांत सगळी मिरवणूक घागरी आणायला घरी. महारुद्रकाका तेवढे हातात तसबीर घेऊन भर उन्हात उभे. त्यांना ना पुढे जाता येईना, ना तसबीर खाली ठेवता येईना. माझी गेल्या पंधरा दिवसांची अवस्था नेमकी अशीच आहे, फक्त मला कोणी बघत नाही, एवढंच.

आता मूळ गोष्ट. आमच्या महिला दूध संस्थेचा कम्प्युटर तुम्ही पाहिलेला आहे. (मागच्या वेळी त्याच्यावर टोपी ठेवली होतीत. तो चालू होता.) एका मोडीत निघालेल्या पतसंस्थेच्या लिलावातून आलेला हा कम्प्युटर माझ्या लग्नाच्या आधीचा आहे. त्याच्या पोटात एक हातभर लांबीचं कार्ड आहे आणि त्या कार्डाला आठ सॉकेट आहेत. दोन्ही काउंटरचे दोन वजनकाटे, दोन फॅट काढायची यंत्रं, पावती छापणारे दोन प्रिंटर आणि बाहेर लाल आकडे दाखवणारा बोर्ड, असे सात. आठव्यात कोळ्याचं घर आहे. दूध आलं, काट्यावर ठेवलं, चमचाभर यंत्रात घातलं, की वजन आणि फॅट आपोआप त्या बाईच्या नावापुढे. नवीन कम्प्युटरात हे कार्ड बसत नाही, आणि हे कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा पत्ताही आता कुठे सापडत नाही.

आता कार्डाशी काय बोलायचं आणि कसं, हे कम्प्युटरला शिकवणारा थोडा मजकूर असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. (तुमच्या आगारातला नव्हे. हा तंबाखू खात नाही.) असे हजारो ड्रायव्हर ज्याच्या आत असतात त्या मुख्य भागाला कर्नल म्हणतात, म्हणजे गाडीचं इंजिन समजा. आमच्याकडचं इंजिन फुकटातलं आहे, जगभरातले लोक मिळून ते बनवतात आणि दुरुस्तही तेच करतात. पॉलिटेक्निकच्या रामकिसन सरांनी ते आमच्याकडे बसवून दिलं. सर पुण्याला गेले आणि जाताना मला म्हणाले, गंगासागर, आता तूच बघ. मीही डिप्लोमाला दोन वर्षं कम्प्युटर शिकलेली, सासरी आल्यावर भाकरी सोडून काही थापलेलं नव्हतं, मोठ्या उत्साहाने ‘हो सर’ म्हणाले. मामा, माझ्या आयुष्यातली सगळी संकटं ‘हो’ने सुरू झालेली आहेत.

नोव्हेंबरात रामकिसन सरांनी एक मेल पुढे पाठवला. पोलंड देशातल्या एका गृहस्थाने सगळ्या जगाला विचारलं होतं की हा अमुक कार्डाचा ड्रायव्हर वीस वर्षांचा म्हातारा झालाय, त्याला सांभाळायला कोणी नाही, हे कार्ड अजून कोणी वापरतं का? दोन महिन्यांत उत्तर आलं नाही तर काढून टाकू. ड्रायव्हर काढला म्हणजे पुढच्या इंजिनात आमचं कार्ड मुकं. जुनंच इंजिन किती दिवस ओढणार? दुष्काळात म्हशी राहिल्यात निम्म्या, दूध आठशे लिटरवरून दीडशेवर आलंय, त्यात काटाच बंद पडला तर बाया उद्यापासून खासगीवाल्याच्या गाडीवर जातील आणि परत येणार नाहीत.

तीन दिवस खपून मी चार ओळी लिहिल्या. आदरणीय महोदय, आम्ही वापरतो, रोज वापरतो, कृपया काढू नये. पाठवल्यावर वाटलं की कोणीतरी रागवेल. झालं उलटंच! सगळ्या जगाला आनंद. ब्राझीलच्या एकाने लिहिलं की हे कार्ड वापरणारं कोणी जिवंत असेल असं त्याला वाटलंच नव्हतं. (म्हणजे मी जिवंत आहे याचा एका माणसाला ब्राझीलमध्ये आनंद झाला. आमच्या घरी असं कोणी बोलून दाखवत नाही.) आणि पोलंडवाल्याने लिहिलं, फार छान, मग आम्ही यात ज्या दुरुस्त्या करू त्या तुम्ही तपासून सांगाल का? कारण खरं कार्ड आमच्यापैकी कोणाकडेच नाही. मी लिहिलं, हो.

झालं. जगात त्या ड्रायव्हरची चाचणी घेणारी एकटी मी.

आता काट्याला हात लावायचा म्हणजे भिवराबाईंना सांगणं आलं. भिवराबाई आमच्या अध्यक्ष, सातवी शिकलेल्या, पण नियमाने चालण्यात पदवीधरांना भारी. मी मीटिंगमध्ये सगळं समजावून सांगितलं. पोलंडचे एक जण आहेत, कर्नलचं काम बघतात, आपल्या ड्रायव्हरमध्ये सुधारणा करणार आहेत. भिवराबाईंच्या कपाळाला आठी. ‘मिलिट्रीवाल्याला आपल्या काट्याचं कावून पडलंय बाई?’ मी म्हटलं, तसा कर्नल नाही, पण तोवर बायांच्या डोळ्यांपुढे मिशीवाला साहेब उभा राहिला होता, तो काही हलेना. छबुबाईंनी विचारलं, ‘डायवर त्येंचाच येणार का? मग जेवण आपल्याकडं का?’ शेवटी ठराव क्रमांक चौदा. पोलंडचे कर्नल साहेब यांना संस्थेच्या काट्याच्या ड्रायव्हरमध्ये सुधारणा करण्यास ही सभा परवानगी देत आहे. सूचक कौशल्याबाई, अनुमोदक छबुबाई, सर्वानुमते मंजूर. मी सचिव, मीच तो इतिवृत्तात लिहिला. तेव्हापासून आमच्याकडे त्यांचं नाव कर्नल साहेब, आणि खरं सांगते, आता मलाही मेल वाचताना मिशी दिसते.

पहिल्या दोन खेपा व्यवस्थित झाल्या. कर्नल साहेब दुरुस्ती पाठवायचे, मी नवीन इंजिन तयार करायचे (आमच्या यंत्रावर चार तास लागतात, वीज गेली की पहिल्यापासून), मग सकाळचं दूध संपून संध्याकाळचं यायच्या मधल्या वेळात ते चढवून सातही सॉकेट एकेक करून बघायचे आणि लिहायचे, ‘तपासलं, चालतं.’ त्या वाक्याखाली नाव लागतं, मामा. दुरुस्तीसोबत ते कायमचं राहतं, कोणीही बघू शकतं. तपासणारी, गंगासागर, नांदूरघाट. मी ते पान आमच्या यांना दाखवलं. ते म्हणाले, बरं आहे, आणि चहा मागितला.

आता तिसरी खेप. इथून पुढे जरा सावकाश वाचा.

एप्रिलच्या मध्यावर मोठी दुरुस्ती आली. कर्नल साहेबांनी म्हणे दोन सॉकेट एकाच वेळी बोलायला लागली तर काय करायचं हा भागच नव्याने लिहिला होता, या वेळी दोन्ही काउंटर एकदम चालवूनही बघा, आणि रविवारपर्यंत कळवलंत तर या वेळच्या गाडीत, म्हणजे जगाच्या पुढच्या इंजिनात, बसेल, असं लिहिलं होतं. इंजिन मंगळवारी तयार करून ठेवलं आणि गुरुवारी आमची विजेची डीपी जळाली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार वीज नाही. दूध हाताने मोजलं, फॅट दूध न्यायला येणाऱ्या वरच्या संस्थेच्या गाडीवर काढलं. रविवारी दुपारी वायरमन कुठून तरी तात्पुरती जोडणी करून गेला आणि वीज आली. मी धावत गेले. नवीन इंजिन चढवलं, पहिल्या काउंटरवर तांब्या ठेवला, वजन आलं. वाटीभर दूध घातलं, फॅट आलं. दुसऱ्या काउंटरकडे वळले आणि वीज गेली.

चाळीस मिनिटं मिळाली होती, आणखी दहा हवी होती. मी बसून राहिले. वाटलं, ‘अर्धंच तपासलं’ असं लिहिलं तर ते म्हणतील, हिच्याकडे वीज नाही, हिच्यावर कशाला अवलंबून राहायचं, काढूनच टाका तो ड्रायव्हर. आणि महिनाभर एकच काउंटर तर चालू होता, दूधच नव्हतं दोन चालवायला. दुसरा तसाच असणार, दोन्ही एकाच कारखान्यातले. असा सगळा विचार करून मी मोबाइलवर लिहिलं, सर्व सॉकेट तपासली, चालतात. पाठवलं. तासाभरात कर्नल साहेबांचे आभार आले आणि दुरुस्ती माझ्या नावासकट जगाच्या इंजिनात गेली.

मामा, तेव्हा तुमचीच आठवण आली, म्हणूनच हे पत्र तुम्हाला. तुम्ही आगारात हेड मेकॅनिक असताना ती लग्नाची गाडी अडवली होतीत ना, ब्रेक बघितल्याशिवाय सही करत नाही म्हणून? वरबाप हात जोडतोय, आगार व्यवस्थापक फोन करतोय, आणि तुम्ही नवरदेव बसलेला असतानाच गाडीच्या दोन फेऱ्या मारल्यात. नवरदेवाचा फेटा खिडकीला लागून सुटला. ती गोष्ट आई आम्हाला हसत हसत सांगायची. त्या रविवारी मला त्यात हसण्यासारखं काही आठवेना.

पुढच्या बुधवारी टँकरचा दिवस होता. वीज सोमवारीच आली होती आणि नवीन इंजिन तसंच चालू होतं. टँकर सकाळी सातला येतो असा निरोप आला, छावणीतून दूध घेऊन आलेल्या बायांना पाण्याच्या रांगेत जायची घाई, म्हणून भिवराबाई म्हणाल्या, आज दोन्ही काउंटर लावा. लावले. पहिल्यावर कौशल्याबाई, दुसऱ्यावर छबुबाई. कौशल्याबाईंची एकच म्हैस आहे, छावणीत तिच्याशेजारीच त्या झोपतात. म्हशीचं दूध एवढं दाट की बोट बुडवलं तर बोटाला साय. छबुबाईंची गाय म्हणजे कातडं पांघरलेली खुंटी. पावत्या आल्या. कौशल्याबाई, फॅट दोन पूर्णांक नऊ. छबुबाई, सात पूर्णांक चार.

छबुबाईंनी पावती वाचून घेतली, कपाळाला लावली आणि देवापुढे ठेवायला घरी नेली. कौशल्याबाईंची पावती भिवराबाईंनी दोनदा बघितली.

‘कौशल्याबाई, पाणी घातलं का दुधात?’

कौशल्याबाईंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी किटली खाली ठेवली.

‘पाणी असतं तर दुधात कावून घातलं असतं बाई? आमीच प्यालो असतो की.’

रांगेतल्या बाया हसल्या. भिवराबाई हसल्या नाहीत. पूर्वी असं झालं तर दुधात लॅक्टोमीटरची काच सोडून घनता बघायचो, पण ती काच दिवाळीत फुटली आणि तेव्हापासून यंत्र म्हणेल ते खरं. नियम असा की भेसळ निघाली तर आठ दिवस दूध घ्यायचं नाही आणि नाव फळ्यावर. भिवराबाईंनी स्वतःच्या नणंदेचंही लिहायला लावलेलं आहे. मला म्हणाल्या, लिही.

मी लिहिलं, मामा. खडू माझ्या हातात, अक्षर माझं. भेसळ, कौशल्याबाई, फॅट दोन पूर्णांक नऊ. त्या फळ्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांना वाचता येत नाही, पण आपलं नाव कुठल्या फळ्यावर लागलंय हे कळायला वाचता यावं लागत नाही. ‘माझ्या म्हशीला काय झालं का बघा बरं, आजारी-बिजारी असंल,’ एवढंच बोलल्या, किटली उचलली आणि टँकरच्या रांगेतही न थांबता छावणीकडे गेल्या.

मला तेव्हा खरंच शंका आली नाही, असं मी स्वतःला दुपारपर्यंत सांगितलं. यंत्र चुकत नाही, मीच नाही का तपासलं! पण भांडी घासताना ते सात पूर्णांक चार डोळ्यांपुढून हलेना. छबुबाईंच्या गाईला सात फॅट यायचं म्हणजे तिला पेंड नव्हे, तूप खाऊ घालावं लागेल. तशीच राख लागलेल्या हाताने संस्थेत गेले. घरातलं चहाचं म्हशीचं दूध एका वाटीत, शेजारच्या गाईचं दुसऱ्या वाटीत. एक यंत्र सुरू करायचं आणि पळत टेबलाला वळसा घालून दुसरं सुरू करायचं. तीनदा पळाले. एकेकटं चालवलं की दोन्ही बरोबर. दोन्ही एकदम चालवली की इकडचा आकडा तिकडे आणि तिकडचा इकडे. मी खुर्चीवर बसले. दहा मिनिटांचं काम होतं मामा. तेवढंच काम होतं.

लगेच जुनं इंजिन परत चढवलं आणि सगळ्या जगाला मेल लिहिला. यात काही लपवलं नाही. मी दुसरा काउंटर तपासलाच नव्हता, तरी तपासला असं लिहिलं, त्यामुळे एका बाईचं दूध परत गेलं, माझं नाव काढून टाकावं. परक्या माणसांना खरं सांगणं सोपं असतं. त्यांच्यासोबत उद्या टँकरच्या रांगेत उभं राहायचं नसतं. उत्तर यायला दोन तास लागले. तेवढ्या वेळात मी संस्थेचं अंगण दोनदा झाडलं. कर्नल साहेबांनी लिहिलं की चूक त्यांची आहे, एका ओळीत सॉकेटचा नंबर चुकलाय, दुरुस्ती सोबत जोडली आहे, त्या बाईंची माफी मागतो. मला एक शब्द बोलले नाहीत. जरा बोलले असते तर बरं वाटलं असतं. पुढे विचारलं, ही चूक कोणी कळवली म्हणून नाव लिहू? मी कौशल्याबाईंचं नाव दिलं. तेव्हा आता त्या दुरुस्तीवर कायमचं लिहिलेलं आहे, कळवणारी, कौशल्याबाई, नांदूरघाट. यावेळी मी दोन्ही काउंटर एकदम चालवून, प्रत्येकी वीस वेळा, शेजारच्या सुनेला दुसऱ्या बाजूला उभी करून तपासलं, आणि मगच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी कोणी यायच्या आत फळा मी स्वतः पुसला. भिवराबाईंना सांगितलं की आकडे चुकीचे होते. त्या चप्पल घालून तडक छावणीत गेल्या आणि कौशल्याबाईंना सोबत घेऊन आल्या, किटली स्वतःच्या हातात घेऊन. फॅट सात पूर्णांक दोन. छबुबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, पण आता बोलतात. असं सगळं मिटलं. काळजीचं काही कारण उरलेलं नाही.

गुडघ्यांना जपा. मामींना शरणार्थ.

उगाच लांबण लावणारी तुमची भाची,
गंगासागर

ता. क. मामा, सगळं मिटलं असं वर लिहिलंय ते जरा आणखी एकदा वाचून बघा. भिवराबाईंना मी आकडे चुकीचे होते असं सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, कोणामुळं? मी म्हणाले, कर्नल साहेबांकडून चूक झाली. खोटं नाही ना? त्यांनी स्वतः तसं लिहिलंय. पण ‘मी तपासलं असं लिहिलं होतं आणि तपासलं नव्हतं’ हे वाक्य दातांपर्यंत आलं आणि तिथेच बसलं. पंधरा दिवस झाले, अजून तिथेच आहे. सगळ्या जगाला सांगून झालं, चार गल्ल्यांपलीकडे सांगता येत नाही. कौशल्याबाईंना तर त्यांचं नाव कुठे लागलंय हेही सांगितलेलं नाही, कारण त्या विचारतील, कावून लावलं?

ता. क. २. आता खरं काम. येत्या रविवारी, बारा तारखेला, सकाळी अकराला सर्वसाधारण सभा आहे. भिवराबाई ठराव मांडणार आहेत. ‘एका निरपराध सभासद भगिनीची बदनामी केल्याबद्दल पोलंडचे कर्नल यांचा ही सभा तीव्र निषेध करत आहे, व ठराव क्रमांक चौदा रद्द करत आहे.’ मसुदा मीच लिहिलाय, त्यांनी सांगितला तसा. तो इंग्रजीत करून पोलंडला पाठवायचं कामही माझ्याकडे आहे. त्या बिचाऱ्याने माफी मागितली, रात्रंदिवस फुकट राबतो, आणि त्याचा नांदूरघाटात निषेध! चौदा रद्द झाला तर पुढच्या दुरुस्त्या तपासता येणार नाहीत, मग ड्रायव्हर जाईल, मग काटा. म्हणून मामा, तुम्ही या. पहिल्या रांगेत बसा. काही बोलू नका, माझी बाजू तर मुळीच घेऊ नका. तुम्ही समोर दिसलात की मला उठून सांगावंच लागेल. बसून राहिले तर तुमच्याकडे बघता येणार नाही. गुडघ्यांचं मी मघाशी विचारलं ते यासाठीच होतं. केजला उतरा, तिथे आमचे हे मोटारसायकल घेऊन येतील.

ता. क. ३. हे पाकीट कौशल्याबाईच घेऊन येत आहेत, त्या डोळे दाखवायला तुमच्या अंबाजोगाईच्या दवाखान्यात निघाल्यात, दुसरं कोणी मिळालं नाही. त्यांच्यासमोर मोठ्याने वाचू नका. चहा मात्र द्या, त्या घरून काही खाऊन निघणार नाहीत.

(खाली वेगळ्या अक्षरात, निळ्या पेनने)

रेवणप्पा मामांना भिवराबाईचा नमस्कार. दवाखान्याचं कागद कोणतं आन तुमचं पाकीट कोणतं ते कौशल्याबाईला कळंना, मनून ती माझ्याकडं आली. पाकीट उघडंच व्हतं. मी वाचलं, ही माझी चूक. मग कौशल्याबाईला बी वाचून दाखवलं, कारण तिचंच हाय आन तिलाच न्यायला लावलंय, हे मला बरं वाटलं न्हाई. पोलंडातल्या नावाचं सांगितलं तर मनली, हितलं फळ्यावरचं पुसलं, तिकडचं बी पुसता येतं का इचारा. मी मनलं ते चांगल्याचं हाय, तवा जरा हासली. मी पोरीला तितल्या तितं बोलवून झाडणार व्हते. कौशल्याबाई मनली, नगं. आपल्याला ठावं हाय ते तिला कळू देऊ नका. तिच्या तोंडानं सांगू द्या, न्हाई तर ते तिच्या पोटातच ऱ्हाईल. तवा तुमी बी काय बोलू नका. निस्ते या. पाकीट आता चिटकवलंय. म्होरच्या रांगेत खुर्ची ठिवते, गुडघ्याला पाट बी ठिवते. निषेधाचा ठराव मी मांडणारच हाय, लई मोठ्यानं मांडणार हाय. बघू पोरगी उठती का.